फौजेतला कामगार



कामगारसभांत बोलणारा मी आज शिपायावर बोलणार, याचे काही मित्रांना नवल वाटले. पण रामा राघोबा राणे हे बाँबे सॅपर्सचे. सॅपर म्हणजे फौजेतला कामगारच! रस्ते, पूल, सुरुंग हेच त्याचे काम.

कारवारजवळच्या चेंडियात १९१८ साली जन्म, १९४० साली भरती. ब्रह्मदेशात बुथिडौंगला मागे राहून त्यांनी दारूगोळ्याचा साठा उडवला. न्यायला नौका यायची ती आली नाही. तेव्हा जपानी पहारा चुकवून, नदी ओलांडून ते परतले. हवालदार झाले, १९४७ च्या अखेरीस अधिकारी.

मग १९४८ चा एप्रिल. नौशेरा-राजौरी रस्त्यावर शत्रूने सुरुंग पेरलेले, झाडे आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या. ८ तारखेलाच उखळी तोफांच्या माऱ्यात दोन सॅपर ठार, पाच जखमी. त्या पाचांत राणे. तरी काम थांबले नाही. रणगाड्याखाली सरपटत, दोरीने चालकाला इशारे देत ते सुरुंग काढीत राहिले. १२ तारखेला राजौरी हाती आली.

त्या युद्धात पाचांना परमवीरचक्र मिळाले. ते छातीवर लावायला राणे आणि करमसिंग, दोघेच उरले. राणे १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले.

कसारा घाटात रूळ राखणारे कोणी गँगमन इथे बसले असतील. मागून गाडी येत असताना वाकून काम करणे म्हणजे काय, ते त्यांना विचारा. राण्यांच्या तर डोक्यावरच रणगाडा होता.