जेकॉर्डच्या गावात एक दिवस



फ्रान्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पॅरिस येतं. मी आज बोलणार आहे ते ल्यों या शहराबद्दल. पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान गाडीनं हे अंतर दोन तासांचं. ऱ्होन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावरचं हे शहर रोमन लोकांनी इसवी सनापूर्वी ४३ मध्ये वसवलं. पण मला तिथं जायचं होतं ते एका शब्दापायी. तो शब्द म्हणजे ‘जेकॉर्ड’.

माझं बालपण सोलापुरात गेलं. माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर कामाला होते. सोलापूरची जेकॉर्ड चादर आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात असेल. ‘अप्पा, जेकॉर्ड म्हणजे काय हो?’ असं मी लहानपणी विचारलं, की ते म्हणायचे, ‘मागाच्या डोक्यावर बसतं, ते.’ उत्तर बरोबरच होतं. जेकॉर्ड हे एका माणसाचं आडनाव आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. जोसेफ मारी जाकार. जन्म १७५२, गाव ल्यों. अप्पांना हे सांगायचं राहून गेलं. मी मात्र मनाशी ठरवलं होतं, की कधी तरी ते गाव बघायचं.

योग आला तो मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर. भाची पॅरिसला शिकत होती. तिची परीक्षा सुरू होती, त्यामुळं ती बरोबर येऊ शकत नव्हती. ‘मावशी, एकटी जाशील?’ तिनं विचारलं. आयुष्यात कधी एकटी पुण्याच्या पुढं न गेलेली मी, ‘जाईन की’ म्हणाले. भाचीनं एकच मंत्र दिला. दुकानात, हॉटेलात, कुठंही शिरलीस की आधी ‘बोंझूर’ म्हण, मग काय विचारायचं ते विचार. हा मंत्र फारच उपयोगी पडला. आधी नमस्कार न करता थेट कामाचं विचारणं तिथं उद्धटपणाचं समजतात. आपल्याकडं तरी कुठं वेगळं आहे?

ल्योंच्या स्टेशनवर सामान ठेवून मेट्रोनं निघाले. एकदा गाडी बदलली आणि दुसऱ्या गाडीत पुढं जाऊन बघते तो चालकाची जागाच नाही! बिनचालकाच्या त्या गाडीनं मला सुखरूप जुन्या ल्योंमध्ये उतरवलं. सोन नदी आणि फुर्व्हिएर नावाची टेकडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत ही जुनी वस्ती आहे. पिवळ्या, गुलाबी, विटकरी रंगांची उंच घरं, दगडी रस्ते. १९९८ मध्ये युनेस्कोनं शहराच्या या ऐतिहासिक भागाचा जागतिक वारशात समावेश केला.

इथली खरी गंमत मात्र दारांच्या आत आहे. गल्ल्या नदीला समांतर, आडवे रस्ते कमी. मग एका गल्लीतून दुसरीत जायला लोकांनी घरांच्या पोटातूनच वाटा काढल्या. त्यांना ‘त्राबूल’ म्हणतात. रस्त्यावरून बघावं तर साधं लाकडी दार. अशा एका दारापुढं मी बराच वेळ घुटमळत उभी होते. लोकांचं राहतं घर, शिरायचं कसं? तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी आल्या. त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं, दार ढकललं आणि मला हातानं ‘या’ अशी खूण केली. आत अंधारा बोळ, पुढं चौक, चौकात गोल जिना वर चढत गेलेला, वाळत घातलेले कपडे, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज. पुन्हा बोळ, पुन्हा चौक, आणि बाहेर पडलो ते थेट मागच्या गल्लीत. आजी ओठांवर बोट ठेवून हसल्या. इथं लोक राहतात, हळू बोलायचं. यांतल्या काही वाटा दिवसा सगळ्यांसाठी खुल्या असतात. रहिवाशांनी दार उघडं ठेवायचं आणि नगरपालिकेनं देखभालीला हातभार लावायचा, असा करारच आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी शहर व्यापलं, तेव्हा याच वाटांनी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा दिला.

दुपारी जेवायची वेळ झाली. ल्यों म्हणजे खाण्यापिण्याची राजधानी, पण तिथली जुनी खाणावळ, जिला ‘बुशों’ म्हणतात, ती मांसाहाराबद्दल प्रसिद्ध. मी शाकाहारी. शिवाय दोन वाजले की स्वयंपाकघर बंद होतं, हेही ऐकलेलं. वाढणाऱ्या मुलीनं यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. मी शब्दकोशात बघितलं, तर अर्थ निघाला ‘विणकराचा मेंदू’! माझा चेहरा पाहून ती खळखळून हसली. समोर आला तो चक्का. खरंच, आपल्या चक्क्यासारखं ताजं चीज, त्यात लसूण, छोटा कांदा आणि हिरवी पात बारीक चिरून घातलेली. बरोबर पाव. मी दोनदा मागून खाल्लं. हे गरीब विणकरांचं जेवण होतं. धनिकांनी विणकरांची टर उडवण्यासाठी असं नाव ठेवलं, असं सांगतात.

विणकरांना तिथं ‘कानू’ म्हणतात आणि त्यांची वस्ती म्हणजे दुसरी टेकडी, क्र्वा-रूस. फुर्व्हिएरवर मोठं चर्च आहे, म्हणून ती ‘प्रार्थना करणारी टेकडी’ आणि ही ‘काम करणारी टेकडी’. नदी ओलांडून, चढ चढून मी तिकडं गेले. वाटेत ‘कूर दे व्होरास’ नावाचा चौक लागला. त्यातला सहामजली उघडा दगडी जिना बघताना मान दुखते. टेकडीवरच्या घरांच्या खिडक्या विलक्षण उंच. मला कारण लगेच कळलं. आत छत चार मीटर उंच हवं, कारण मागाच्या डोक्यावर जेकॉर्ड बसतं! त्याच खोलीत माग, त्याच खोलीत चूल, आणि झोपायला वर पोटमाळा.

रेशमी कापडावर नक्षी काढायची, तर जाकारच्या आधी विणकराशेजारी एक मदतनीस लागे, पुष्कळदा लहान मूल. ते दिवसभर दोऱ्या ओढून ठरावीक धागे उचलून धरायचं. जाकारनं आधीच्या संशोधकांच्या कल्पना एकत्र करून १८०४ च्या सुमारास हे काम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांकडून करून घेतलं. जिथं भोक, तिथं सुई आत शिरते आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो. जिथं भोक नाही, तिथं धागा खालीच राहतो. मग धोटा फिरतो. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एक ओळ. १८३९ मध्ये खुद्द जाकारचं चित्र रेशमात विणलं गेलं, तेव्हा सुमारे २४ हजार पुठ्ठे लागले होते. ते चित्र इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांच्याकडं होतं आणि त्यांच्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच भोकांच्या पुठ्ठ्यांची युक्ती होती. कॉम्प्युटरच्या कुळाचा एक धागा असा मागापर्यंत जातो.

या टेकडीवर विणकरांच्या घरांचं एक संग्रहालय आहे. तिथं हातमाग प्रत्यक्ष चालवून दाखवतात. मागाच्या आवाजाला ल्योंकरांनी नावच ठेवलंय, ‘बिस्तांक्लाक-पान’. तो आवाज सुरू झाला आणि मला भिंतीचा आधार घ्यावा लागला. कारखान्यातल्या शंभर मागांचा आवाज मी ऐकलेला, अप्पांना शेवटी शेवटी ऐकूच कमी यायचं ते त्या आवाजानं. इथं एकच माग होता, सावकाश, मोजून बोलल्यासारखा. प्रात्यक्षिक संपल्यावर मी पिशवीतून माझी सोलापुरी चादर काढली. थंडी वाजेल म्हणून घेतलेली. विणकाम दाखवणाऱ्या बाईंनी ती उलटीपालटी केली. दोन्ही बाजूंना तीच नक्षी, रंग मात्र उलट. त्यांनी बोटानं धागे मोजले, वर मागाकडं बोट दाखवलं आणि विचारलं, ‘जाकार?’ मी म्हटलं, ‘जाकार. माझे वडील.’ पुढचं माझं फ्रेंच संपलं होतं आणि त्यांचं इंग्रजी. पण त्यांनी मला मागाजवळ बोलावलं आणि पुठ्ठ्यांच्या माळेवरून हात फिरवू दिला.

या टेकडीनं दुःखही पाहिलं आहे. १८३१ मध्ये विणकरांनी कापडाला किमान मजुरी ठरवून मागितली. ती ठरलीही, पण बऱ्याच व्यापाऱ्यांनी मानली नाही. नोव्हेंबरमध्ये विणकर रस्त्यावर उतरले, शहर त्यांच्या ताब्यात आलं. मग सरकारनं मोठी फौज पाठवून बंड मोडलं आणि ठरलेली मजुरी रद्द केली. १८३४ चं दुसरं बंड तर रक्तात बुडालं. मजुरीच्या दरावरून कारखान्याच्या दाराशी बसलेली माणसं मी लहानपणी बघितली आहेत. त्यामुळं हा इतिहास मला परका वाटला नाही.

टेकडीवरच्या चौकात जाकारचा पुतळा आहे. त्याच्या यंत्रानं आपलं काम जाईल म्हणून सुरुवातीला विणकर त्याच्यावर चिडले होते. पुढं तेच यंत्र त्यांच्या घराघरांत बसलं. त्या यंत्रानं मूल दोऱ्या ओढण्यातून सुटलं, हे खरं. विणकराच्या पोटाचा प्रश्न मात्र तसाच राहिला, हेही खरं. संध्याकाळी त्या पुतळ्यापाशी मी एकटीच बाकावर बसले होते. बरोबर कुणी असतं, तर चला चला म्हणून उठवलं असतं. एकटीनं जाण्याचा हा फायदा.

याच शहरात १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंनी कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचं चित्रण केलं. त्यांचा सिनेमा पुढच्याच वर्षी, ७ जुलैला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोचला. ती जागा बघायची मी दुसऱ्या दिवसावर ठेवली. कुणी प्रवासाला निघालं की मी आता एवढंच सांगते. पहिल्या दिवशी सगळं शहर बघू नका. आपल्या मनात त्या गावाबद्दल जो एक प्रश्न असेल, तेवढा घेऊन चाला. आणि दार बंद दिसलं, तर शेजारी बटण आहे का ते आधी बघा.