वस्तू रोजच्या, पण कुणाच्या?



आपल्याकडे पोथीला पाय लागला तर आपण पटकन हात लावून नमस्कार करतो. ज्यू लोक त्यांच्या ‘तोरा’ या धर्मग्रंथालाही असंच जपतात. जनावराच्या कातड्यावर, लेखणीनं, हातानं लिहिलेली ती लांबलचक गुंडाळी असते. तिच्यात तीन लाखांहून जास्त अक्षरं असतात, आणि ती लिहायला वर्षभरही लागतं. वाचताना अक्षरांना बोट लावत नाहीत, चांदीची काडी फिरवतात. ती जीर्ण झाली तर टाकत नाहीत, मातीत पुरतात.

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यूंची प्रार्थनास्थळं लुटली, जाळली. तोराचं कातडं मजबूत, म्हणून त्याचे तुकडे कापून कुणी बुटात घालायचे सोल केले, कुणी पाकीट, कुणी बाईच्या हातातली पर्स. असे नमुने आज संग्रहालयांत जपले आहेत. त्यांवरची अक्षरं अजून दिसतात.

कातड्याचं झालं तेच दगडांचं. ग्रीसमधल्या सालोनिका शहरात ज्यूंची फार मोठी, जुनी दफनभूमी होती. डिसेंबर १९४२ मध्ये ती उखडायला सुरुवात झाली. थडग्यांचे दगड बांधकामाला, फरसबंदीला गेले. आज त्या जागेवर विद्यापीठ उभं आहे. पोलंडमध्ये अशाच दगडांची धार लावायची चाकं झाली, गोठ्याच्या भिंती झाल्या. वुकाश बक्शिक या छायाचित्रकारानं गावोगाव फिरून त्यांचे फोटो काढले.

आम्हाला सगळ्यात जास्त बोचतं ते पुढचंच. चाकावर विळा घासणाऱ्या प्रत्येकाच्या मनात द्वेष होता असं नाही. दगड पडून होता, कामाचा होता, त्याचे वारस मारले गेले होते. विचारायला कुणी उरलंच नव्हतं. वस्तू कामाची आहे एवढंच पाहिलं की ती कुणाची होती, हे विसरायला फार वेळ लागत नाही.

आपल्यालाही हे फार लांबचं नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल कुटुंबांची घरची भाषा मराठी. पुण्याचं लाल देऊळ ही ज्यूंची प्रार्थनास्थळाची वास्तू. तिथल्या माणसांना त्या पर्सवरची अक्षरं वाचता येतात. आपल्याला ती नुसती रेघोट्या वाटतील.

सगळं संपलं मात्र नाही. प्राग शहरातल्या वेन्सेस्लास चौकात २०२० साली फरशा उचलल्या, तर खालच्या बाजूला हिब्रू अक्षरं निघाली. ती थडगी कम्युनिस्ट राजवटीत फोडून तिथं बसवली होती. ते दगड ज्यू समाजाला परत दिले, आणि २०२२ मध्ये जुन्या दफनभूमीत त्यांचं स्मारक झालं. पोलंडमध्येही लोक गोठ्यातले, अंगणातले दगड काढून दफनभूमीत पोचवतात. तुटलेलं जुळत नाही, पण नाव पुन्हा वर येतं.

तेव्हा मैत्रिणींनो, जुन्या बाजारात, पडक्या वाड्यात, उकिरड्यावर कोरलेला दगड किंवा लिहिलेलं कातडं दिसलं, तर ‘किती छान, घरी नेऊ’ म्हणायच्या आधी एवढंच विचारू या: हे कुणाचं होतं? आणि त्यांचं कुणी असलं, तर त्यांच्यापर्यंत पोचवू या.