आपल्या नोटा आपल्याच बोटांनी

आज पैशांबद्दल बोलू. मिळवण्याबद्दल नव्हे, ओळखण्याबद्दल.

आम्हाला दिसत नाही, काहीजणींना अगदी अंधुक दिसतं. कुणी शिलाई करते, कुणी भाजी विकते, कुणी घर सांभाळते. आणि घरोघरी एकच वाक्य कानावर येतं, "तुला कुठं कळणार, दे इकडे, मी ठेवतो." माया असतेच हो त्यात. पण पाकीट ज्याच्या हातात, भाजी कुठली आणायची हेही तोच ठरवतो.

पूर्वी १०० ची नोट ५०० च्या नोटेपेक्षा १० मिलिमीटर आखूड होती. बोटांना फरक लागायचा. आता १००, २००, ५०० तिन्ही सारख्याच रुंद. लांबी १४२, १४६ आणि १५० मिलिमीटर. म्हणजे एकीत दुसरीत फरक तो ज्वारीच्या दाण्याएवढा! कडांना उठावाच्या तिरप्या रेघा आहेत. १०० ला चार, २०० ला चार आणि मध्ये दोन गोल, ५०० ला पाच. कोऱ्या नोटेवर त्या लागतात. पण दहा हातांतून फिरून मऊ झालेल्या नोटेवर, भांडी घासून राठ झालेल्या बोटांना? नाही लागत.

रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० ला 'मनी' नावाचं मोफत ॲप काढलं. फोनच्या कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून सांगतं. एकदा फोनमध्ये घेतलं की नेट लागत नाही. मात्र नोट खरी की खोटी, हे ते सांगत नाही. आणि भर बाजारात, मागे रांग असताना, फोन काढून नोट पसरून धरायची म्हणजे आपल्याकडे किती पैसे आहेत ते चारचौघांना कळणार. कानात इअरफोन घाला, नाहीतर हे काम घरीच करा.

आमच्यातल्या भाजीवालीला खरी मदत झाली ती दुकानात पैसे जमा झाले की मोठ्याने बोलणाऱ्या त्या डबीची. आमच्यासाठी ती कुणी केलेली नव्हती, पण उपयोगी पडली ती आम्हालाच जास्त.

एकीला बँकेत सांगितलं, "सोबत कुणालातरी आणा, मग एटीएम कार्ड देऊ." लक्षात ठेवा, चेकबुक, एटीएम, लॉकर दिसत नाही म्हणून नाकारायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच सर्व बँकांना कळवलेलं आहे. हे तिथे शांतपणे सांगा, आणि नकार लेखी मागा.

आता बिनखर्चाचं साधन. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची लांब पट्टी कापा. एक टोक दुमडून उभं करा, नोट तिथे टेकवायची. तिथून १४.२, १४.६ आणि १५ सेंटिमीटरवर कडेला खाचा पाडा. मापं घेताना डोळस माणूस लागेल, तेवढंच एकदा. नोट सरळ पसरली की तिचं टोक कुठल्या खाचेशी आलं ते बोटाला कळतं. २० ची जुनी नोट मात्र फसवते. ती १४७ मिलिमीटर, जवळजवळ २०० एवढीच. पण रुंदीला ३ मिलिमीटर कमी. म्हणून एक खाच रुंदीचीही ठेवा.

ओळख पटली की घडी घाला. १०० सपाट, २०० आडवी अर्धी, ५०० उभी अर्धी, किंवा तुम्हाला जमेल तशी. आणि घरच्यांना एवढंच सांगा, पाकिटातल्या घड्या मोडू नका.