लष्करी परिचारिका होण्याच्या दोन वाटा

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा आरंभ 1888 सालचा. त्या मार्चमध्ये दहा ब्रिटिश परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. आज पिंपरी-चिंचवड, चाकणच्या मुलींना या सेवेत जाण्याची एक वाट जवळच आहे, पुण्याच्या वानवडीत. तिथल्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या (एएफएमसी) नर्सिंग कॉलेजात चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम चालतो. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी हवे, ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि वैद्यकीय तपासणी काटेकोर असते. राहणे-जेवण सरकारी खर्चाने. बदल्यात सेवेचा करार. या करारावर सही करण्यापूर्वी तो पालकांसह नीट वाचावा, कारण बदली देशभर होते. पदवीनंतर लेफ्टनंटचे कमिशन मिळते, खांद्यावर दोन तारे येतात.

हे हुकले तर दार बंद होत नाही. पिंपरीत किंवा अन्यत्र मान्यताप्राप्त कॉलेजातून बी.एस्सी. नर्सिंग करून, नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्यावर शॉर्ट सर्व्हिस कमिशनची परीक्षा देता येते. औद्योगिक पट्ट्यातल्या रुग्णालयात, यंत्रात हात सापडलेल्या कामगाराच्या जखमेचे ड्रेसिंग केलेली परिचारिका इथे उलट जास्त तयारीची ठरते. वयोमर्यादा व अटी दरवर्षीच्या जाहिरातीतच पाहाव्यात.