ॲक्सल बदलला, हँडब्रेक राहून गेला
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलून झाले. आता थोडे आमच्या जीपवर बोलायचे आहे. हसू नका. ज्या जीपमधून आम्ही खत, सरकी, ज्वारीची पोती आणि बैठकीची माणसे वाहतो, तिने गेल्या मे महिन्यात रत्नागिरीत आमच्या एका पोराचा जीव जवळजवळ घेतला होता.

आंब्याची विक्री कशी चालते ते पाहायला आम्ही सहा जण कोल्हापूरहून आंबा घाट उतरून गेलो होतो. बागेकडे जाणारा रस्ता चढाचा. तिथे गाडी उभी केली, गिअरमध्ये टाकली आणि नेहमीप्रमाणे चाकाला दगड लावला. हँडब्रेक आमच्या जीपला नव्हताच. काळ्या रानात, सपाटीवर, त्याची आठवण कुणाला येते? जिनिंगच्या वजनकाट्यावर चढताना तेवढी येते, तिथेही आम्ही दगडावरच भागवत होतो. पण कोकणातला दगड जांभ्याचा. आपल्या काळ्या पाषाणासारखा तो टणक नाही. चाकाखाली त्याचा भुगा झाला. त्यात ट्रान्स्फरची दांडी न्यूट्रलला सरकलेली, म्हणजे गिअर असून नसल्यासारखा. मागच्या बाकावर पोरगा झोपला होता. गाडी मागे सुटली ती बागेच्या गडग्याला जाऊन थडकली. पोराच्या कपाळाला टेंगूळ आले, एवढ्यावर निभावले. गडग्याच्या पलीकडे खोल उतार होता.

मग आम्ही विचारायला लागलो, की हँडब्रेक गेला कुठे?

जुन्या विलीस घराण्याच्या जीपचा हँडब्रेक चाकात नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी एका छोट्या ड्रममध्ये असतो. कापूस भरून येताना आमच्या गाडीचा क्राउन-पिनियन मोडला, तेव्हा मिस्त्रीने दुसऱ्याच एका गाडीचा मागचा ॲक्सल बसवला. त्याच्या पिनियनची फ्लँज वेगळी, म्हणून शाफ्ट वेगळा, आणि तो शाफ्ट जुन्या ड्रमला जुळेना म्हणून ड्रमच काढून टाकला. नव्या ॲक्सलच्या चाकात हँडब्रेकची सोय होती, पण आतले सामान आलेच नव्हते. बॅकप्लेटला केबलची भोके तेवढी रिकामी. इकडचा ब्रेक काढला, तिकडचा बसवला नाही. पावतीवर एकच ओळ: ‘ॲक्सल काम’. पाकिटावर एक बियाणे आणि आत दुसरे, हा अनुभव आपल्याला नवा नाही. इथे तर पाकिटावर नावच नव्हते.

रत्नागिरीत आम्ही दुकाने हिंडलो. प्रत्येक दुकानदार विचारी, गाडी कोणती, साल कोणते? आम्ही आरसी पुस्तक पुढे करायचो. तो त्याप्रमाणे सामान काढून द्यायचा आणि ते बसायचे नाही. दोन दिवस गेले. चूक दुकानदाराची नव्हती. पुस्तकात गाडी लिहिलेली असते. तिच्या पोटाखाली काय आहे ते पुस्तकाला ठाऊक नसते.

शेवटी मिरजोळ्याच्या बाजूला एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडी जॅकवर घेतली. तो म्हणाला, गाडीचे नाव विसरा, ॲक्सलचे नाव शोधा. त्याने हाऊसिंगवरचा मातीचा थर खरवडून ओतीव आकडा वाचला, चाकाचे बोल्ट मोजले, ड्रमचा आतला व्यास आणि लायनरची रुंदी टेपने घेतली. हे चार आकडे कागदावर आल्यावर अर्धे काम झाले. लागणारे सामान तसे थोडेच: दोन्ही चाकांत एकेक लिव्हर, दोन लायनरमधली एकेक पट्टी, स्प्रिंगा, पिना आणि केबल. पण लिव्हर डावा-उजवा वेगळा असतो. आणि लायनरही तोच हवा, ज्याला लिव्हरच्या पिनेचे भोक आणि पट्टीची खाच आहे. साधा लायनर दिसायला सारखाच असतो, त्यात आम्ही एकदा फसलो.

लिव्हर आणि पट्ट्या भंगारातून घ्यायला हरकत नाही, लोखंड सरळ असले म्हणजे झाले. केबल मात्र जुनी घेऊ नका. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, वर समुद्राची खारी हवा. भंगारातली केबल कवचात गंजून बसलेली. ती ओढली तर जागची हलत नाही, किंवा ओढल्यावर परत येत नाही आणि ब्रेक चिकटून ड्रम तापतो. आपल्याकडे तेच काम धूळ करते. आम्ही सुतळीने लांबी मोजली आणि परतीच्या वाटेवर कोल्हापुरात, उद्यमनगरात, नवी केबल करून घेतली.

जुना ट्रान्स्फरचा ड्रमच परत का बसवला नाही, असे काही जण विचारतात. तसेही करता आले असते. पण त्या ब्रेकची एक खोड आहे. पंक्चर काढायला मागचे एक चाक उचलले, की डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलटे फिरते आणि जमिनीवरचे सुटते. चाकातल्या ब्रेकला ही खोड नाही.

बसवताना आधी चाकातले लायनर ड्रमला जुळवून घ्यायचे, केबल शेवटी ताणायची. उलटे केले तर दोन दिवसांत दांडी पुन्हा वरपर्यंत येते. मग भरलेली गाडी चढावर उभी करून पाहायची, पण चाकामागे ठोकळा ठेवून, आणि पोरांना लांब ठेवून.

कायद्याचेही बघा. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत पायाच्या ब्रेकखेरीज पार्किंग ब्रेक सक्तीचा आहे. आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतल्या फेरबदलांवर बंधने घालते. तेव्हा दुसरा ॲक्सल टाकण्याआधी आरटीओत विचारा, आणि मिस्त्रीकडून कोणत्या गाडीचा ॲक्सल टाकला ते लिहून घ्या. तो कुरकुर करील. करू द्या. पैसे आपण मोजतो.

आमची जीप बाहेर लिंबाखाली उभी आहे. ज्यांच्या जीपचे ॲक्सल बदललेले आहेत, त्यांनी जेवणानंतर आपापल्या गाड्या तिथे आणाव्यात. जॅक आणि टेप आम्ही आणले आहेत. आकडे लिहून घ्यायला वही मात्र तुमची तुम्ही आणा.