दुर्गम वाडीचा दिवा आणि बॅटरीची ठेव
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेले भाषण)



चार महिन्यांचा पाऊस वर्षभर पुरवावयाचा, ही विद्या मुरगूड परिसराला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीचे धरण योजिले ते याच दृष्टीने. पुढे त्याच साठ्यातून वीजही निर्माण झाली. सौरऊर्जेचा प्रश्न असाच आहे. सूर्य दिवसा देतो, दिवा मात्र रात्री लागतो. या दोहोंमधील धरण म्हणजे बॅटरी.

जुन्नर तालुक्यातील दरेवाडी या दुर्गम वाडीत २०१२ साली पुण्याच्या ‘ग्राम ऊर्जा’ने, बॉश या जर्मन कंपनीच्या अर्थसाहाय्याने, ९.४ किलोवॅटचा सौर प्रकल्प उभारला. ३९ घरांत वीज पोहोचली. घरोघरी मीटर बसले आणि कारभार ग्रामस्थांच्याच ‘वनदेव ग्रामोद्योग न्यासा’कडे सोपविण्यात आला.

मर्म या मीटरमध्ये आहे. सौरफलक सुमारे २५ वर्षे टिकतात. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या मात्र साधारण पाच-सात वर्षांत थकतात. त्या वारंवार पूर्ण रिकाम्या होऊ दिल्या किंवा डिस्टिल्ड वॉटर वेळेवर भरले नाही, तर त्याआधीच. लिथियमच्या बॅटऱ्या अधिक टिकतात, परंतु त्यांनाही अंत आहेच. सह्याद्रीत आषाढ-श्रावणात सूर्यदर्शन दुर्लभ होते, तेव्हा त्यांची खरी कसोटी लागते.

म्हणून दुकानाच्या खतावणीतील ‘घसारा’ वाडीच्या वहीतही हवा. समजा, बॅटरीसंचाची किंमत २,४०,००० रुपये, आयुष्य पाच वर्षे आणि घरे ४०. घरटी दरमहा १०० रुपये वेगळे ठेवले, तर मुदत संपताना नव्या संचाची रक्कम तयार असते. ती ठेवली नाही, तर फलक उन्हात चमकत राहतात आणि वाडी पुन्हा अंधारात जाते.

गरिबांकडून पैसे का घ्यावेत, असे दयाबुद्धीने विचारले जाते. परंतु रॉकेलसाठी तीच कुटुंबे पैसे मोजीतच होती. फुकट मिळालेला दिवा दात्याचा राहतो. ज्यासाठी पैसे मोजले तो आपला होतो, आणि तो विझला तर जाब विचारण्याचा अधिकारही लाभतो.

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या न्यासाला हे वेगळे सांगणे नको. वास्तू देणगीतून उभी राहते; ती टिकते कायम निधीच्या व्याजावर. भुदरगड-राधानगरीच्या डोंगरातील एखाद्या वाडीला कोणी सौरदिवे देऊ इच्छील, तर त्याने कोनशिलेवरील नावाआधी एवढेच विचारावे : सहाव्या वर्षीच्या बॅटरीची तरतूद कोठे आहे?