मैहरचे मास्तर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मुंबईहून जबलपूरमार्गे प्रयागराजकडे जाणारी गाडी कटनी सोडते आणि सतना यायच्या आधी मैहर नावाचं स्टेशन लागतं. तिथं उतरणारे बहुतेक जण शारदामातेच्या दर्शनाला आलेले असतात. टेकडीवर देऊळ आहे, हजाराच्या वर पायऱ्या आहेत. या टेकडीच्या पायथ्याच्या गावात एका मुसलमान संगीतशिक्षकानं पन्नासहून अधिक वर्षं काढली. तिथंच संसार केला, तिथंच नमाज पढली आणि ६ सप्टेंबर १९७२ रोजी तिथंच डोळे मिटले. त्यांचं नाव अल्लाउद्दीन खाँ. शिष्यांचे आणि गावाचेही ते ‘बाबा’ होते.

पंडित रविशंकरांचे गुरू म्हणून हे नाव आपण ऐकलेलं असतं. पद्मभूषण, पद्मविभूषण हे मानही त्यांना मिळाले. पण आज मला मैफिलीतल्या उस्तादाविषयी बोलायचं नाही. मला बोलायचंय ते लहान गावातल्या एका मास्तरांविषयी, ज्यांच्या आयुष्यात दीन, घर आणि गाणं ही तीन वेगळी खाती कधी नव्हतीच.

जन्म बंगालमधल्या शिबपूरचा. आज हे गाव बांगलादेशात, ब्राह्मणबारिया जिल्ह्यात आहे. जन्मसाल कुणी १८६२ सांगतं, कुणी १८८१. गाण्याच्या वेडापायी पोर घर सोडून पळालं आणि कोलकात्याला पोहोचलं. तिथं एका हिंदू गवयानं त्याला पदरात घेतलं, ते नुलो गोपाल या नावानं ओळखले जात. त्यांनी वर्षानुवर्षं नुसती सरगम घोटून घेतली. प्लेगात ते गेले, आणि शिष्य पुन्हा रस्त्यावर आला. मग व्हायोलिन शिकला तो लोबो नावाच्या एका गोमंतकीय बॅन्डमास्तरांकडे. पुढं रामपूर. तिथं वझीर खाँसाहेबांच्या दाराशी त्यानं किती काळ वाट पाहिली, याच्या कितीतरी कहाण्या आहेत. तानसेनाच्या परंपरेतली ती विद्या. घराण्याबाहेरच्याला ती सहज मिळायची नाही.

श्रोतेहो, अशी माणसं पुढं दोन तऱ्हांनी वागतात. काही म्हणतात, मी सोसलं, आता तूही सोस. काही म्हणतात, मी सोसलं तेवढं पुरे झालं. बाबांच्या ठायी या दोन्ही तऱ्हा होत्या. विद्या देताना त्यांनी जात-धर्म पाहिला नाही की पैसा घेतला नाही. पण रियाज मात्र घाम निघेपर्यंत.

मैहरचे महाराज ब्रिजनाथसिंह यांचे गुरू म्हणून ते या संस्थानात आले. १९१८च्या सुमाराची गोष्ट. त्या काळात साथींनी घरंच्या घरं रिकामी केली होती. आईबाप गमावलेली पोरं गावात फिरत होती. बाबांनी ही पोरं गोळा केली आणि त्यांच्या हातात वाद्यं दिली. ज्यांना सारेगम म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, त्यांचा वाद्यवृंद उभा राहिला. तो ‘मैहर बॅन्ड’ म्हणून नावाजला. वाद्यं कमी पडली तेव्हा महाराजांच्या शस्त्रागारातल्या बंदुकांच्या नळ्या कापून त्यांनी ‘नलतरंग’ बनवला. बंदुकीच्या नळीतून सूर काढणारा हा माणूस शांततेवर भाषणं देत नव्हता. त्याला वाद्य हवं होतं, आणि लोखंड चांगलं वाजत होतं, एवढंच.

अनाथांच्या डोक्यावरून हात फिरवावा, हा आमच्या दीनमधला फार मोठा हुकूम. बाबांनी तो असा पाळला.

घर तर शिष्यांचंच होतं. १९३८मध्ये युरोपचं चकचकीत नृत्यजीवन सोडून तरुण रविशंकर इथं आले. पुढं निखिल बॅनर्जी आले. त्याआधी तिमिर बरन शिकून गेले होते. दाराशी शिष्य म्हणून आलेल्यांची चूल सांभाळली ती बाबांच्या पत्नीनं, मदिना बेगम यांनी. बाबांनी घराला त्यांचं नाव दिलं, आणि आपण रचलेल्या ‘मदनमंजरी’ रागाचं नावही त्यांच्यावरूनच ठेवलं. मोठ्या घराण्यांच्या इतिहासात चुलीपुढच्या बाईची नोंद क्वचितच होते. इथं ती रागात झाली.

आता कठोरपणाबद्दलही बोललं पाहिजे. बाबा शिष्यांना मारत. पोटचा मुलगा अली अकबर त्यातून सुटला नाही. तो एकदा पळून मुंबईला आला, रेडिओवर सरोद वाजवू लागला आणि तेच वादन मैहरच्या महाराजांच्या कानी पडल्यामुळं पकडला गेला, असं सांगितलं जातं. ऐकताना आपण हसतो. पण पोराच्या पाठीवर वळ होते, हे विसरू नये. थोर माणसाचं सगळंच थोर मानायची आपली सवय बरी नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा विषय निवडला.

बाबांनी मुलगी जहानआरा हिला गाणं शिकवलं. लग्न होऊन ती सासरी गेली. सासरी तिचं गाणं खपलं नाही. तिचा तंबोरा सासूनं जाळून टाकला. बापानं हा घाव असा मनाला लावून घेतला, की धाकट्या रोशनआराला गाणं शिकवायचंच नाही असं ठरवलं. पोरीच्या सुखासाठी पोरीची विद्या बंद. आजही कितीतरी घरांत, हिंदूंच्या आणि मुसलमानांच्याही, हाच हिशेब मांडला जातो.

पण धाकटी ऐकून ऐकून शिकत होती. एकदा भाऊ सरोदवर चुकला. ही अंगणात खेळत होती. खेळता खेळता तिनं त्याला थांबवलं, बाबांनी असं नाही, असं शिकवलंय म्हणाली आणि गाऊन दाखवलं. बाबा मागं उभे होते. ते तिला आत घेऊन गेले आणि तिच्या हाती तंबोरा दिला. त्या क्षणी बाप हरला आणि मास्तर जिंकला, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. विद्या ही अमानत आहे. जिच्या गळ्यात ती अल्लानंच ठेवली, तिच्यापासून ती लपवायचा हक्क बापालाही नाही, हे त्यांना उमगलं असावं. हीच मुलगी पुढं सुरबहारवादक अन्नपूर्णादेवी झाली. हे नाव तिला मैहरच्या महाराजांनी दिलं होतं. मुंबईत बंद दाराआड राहून, मैफिलींपासून दूर, तिनं हरिप्रसाद चौरसियांसारखे शिष्य घडवले. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी ती गेली.

मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला लोक हमखास विचारतात, तुमच्यात गाणं चालतं का? आमच्यातलेही काही विचारतात, हे सगळं जायज आहे का? बाबांनी या वादात वेळ घालवला नाही. ते पाच वेळा नमाज पढत. शारदामातेपुढंही हात जोडत. शिबपूरला त्यांनी मशीद बांधली. कुणाला पटवून द्यावं म्हणून यातलं काही त्यांनी केलं नाही. त्यामुळं त्यांना सलोख्याचं चित्र म्हणून भिंतीवर टांगताना मला संकोच वाटतो. भिंतीवर टांगलं, की माणसाचं ऐकायचं राहून जातं.

ब्राह्मणबारियात त्यांच्या नावाचं संगीतांगण आहे. जानेवारी २०१६मध्ये चिडलेल्या जमावानं ते पेटवलं. बाबांची वाद्यं, त्यांच्या वस्तू जळाल्या. मार्च २०२१मध्ये पुन्हा तेच घडलं. एका सासूनं मुलीचा तंबोरा जाळला होता. शंभर वर्षं उलटायच्या आत बापाची वाद्यंही जळाली. जाळणाऱ्यांना आपण दीनची सेवा करतोय असं वाटलं असेल, तर मला त्यांना एवढंच विचारायचंय, अनाथ पोरांच्या हाती नलतरंग देणाऱ्या त्या पाचवक्ती नमाजीहून तुम्ही दीन जास्त ओळखता का?

श्रोतेहो, तुमच्याही गावात एखाद्या गल्लीत, एखाद्या खोलीत, एखादे मास्तर पेटी पुढ्यात घेऊन बसलेले असतील. फी थोडी असेल, पोरं त्याहून थोडी असतील. तुमच्या मुलीला सूर असेल, तर तिला तिथं पाठवा. आणि तिचं लग्न ठरवाल, तेव्हा समोरच्यांना हुंड्याआधी, पगाराआधी एक विचारून घ्या: तुमच्या घरात तंबोरा ठेवायला जागा आहे ना?

खुदा हाफिज. नमस्कार.